नवजात बाळाची थायरॉईड तपासणी ऐच्छिक कशासाठी?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघरमध्ये झाली. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची, तीस प्रकारच्या व्याधी वेळेत शोधायच्या आणि उपचार सरकारी खर्चाने करायचे, असा हा कार्यक्रम आहे. तो चांगलाच आहे. हृदयाला छिद्र असलेल्या, टाळू फाटलेल्या कितीतरी गरीब घरच्या मुलांवर त्याच्यामुळे शस्त्रक्रिया झाल्या. माझं भांडण आहे ते त्या यादीतल्या शेवटच्या ओळीशी. जन्मजात बहिरेपणा यादीत वर आहे. जन्मजात थायरॉईडची कमतरता मात्र तिसाव्या क्रमांकावर, सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारांच्या सोबतीने, आणि पुढे शेरा आहे: ऐच्छिक. म्हणजे राज्याला वाटलं तर करावं, नाही वाटलं तर राहू द्यावं.

माझं स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रसूतिगृहात, सरकारी असो की खासगी, नवजात बाळाची थायरॉईड तपासणी बंधनकारक झाली पाहिजे, आणि ती कानाच्या तपासणीला जोडली गेली पाहिजे. सरकारी कागदावर बहिरेपणा एका रकान्यात आणि थायरॉईड दुसऱ्या रकान्यात असेल. बाळाच्या शरीरात त्या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, तीन इवल्याशा हाडांमधून आतल्या शंखासारख्या भागात, कॉक्लियात जातो. तिथल्या केसपेशी त्याचे विजेचे संदेश करतात. ते संदेश श्रवणाच्या नसेतून मेंदूच्या देठात आणि तिथून टप्प्याटप्प्याने मेंदूच्या श्रवणकेंद्रापर्यंत पोहोचतात. हा सगळा मार्ग बाळ पोटात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तयार होतो. त्यातल्या बऱ्याच टप्प्यांची वेळ ठरवण्यात थायरॉईडच्या संप्रेरकाचा हात असतो. हे संप्रेरक रक्तातून सगळीकडे फिरतं, पण त्याचं मुख्य काम तिथेच होतं, जिथे पेशीच्या केंद्रकात त्याला धरून ठेवणारं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर असतो. असे रिसेप्टर दोन जनुकांपासून बनतात, अल्फा आणि बीटा. अल्फा मेंदूत सगळीकडे मुबलक असतो. बीटा विशेष करून वाढीच्या काळातल्या कॉक्लियात दाटीने सापडतो. आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी: संप्रेरक आलंच नाही, तर रिसेप्टर नुसता वाट बघत बसत नाही. रिकामा रिसेप्टर ज्या जनुकांवर बसलेला असतो, त्यांतली बरीचशी तो दाबून धरतो. संप्रेरकाची कमतरता म्हणजे फक्त एखादी मदत न मिळणं नव्हे. ती वाढीवर लागलेली रोखच असते.

हे कळलं कसं, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. सॅम्युअल रेफेटॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये एका कुटुंबातल्या भावंडांचं वर्णन प्रसिद्ध केलं. मुलं बहिरी होती, बोलत नव्हती, गळ्याला गलगंड होता. रक्तात थायरॉईडचं संप्रेरक कमी असेल असं कुणालाही वाटलं असतं. ते उलट जास्त निघालं. हाडांवर मात्र संप्रेरक मिळत नसल्याच्या खुणा होत्या. या डॉक्टरांनी तर्क केला की संप्रेरक आहे, पण शरीर त्याला दाद देत नाहीये. थायरॉईडचा रिसेप्टर तेव्हा कुणी पाहिलेलाही नव्हता. तो ओळखला गेला १९८६ मध्ये, दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत जवळजवळ एकाच वेळी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या कुटुंबाची जनुकं तपासली, तेव्हा त्या भावंडांमध्ये बीटा रिसेप्टरचं जनुकच गळालेलं आढळलं. पुढे १९९६ मध्ये डग्लस फॉरेस्ट यांच्या गटाने हे जनुक काढून टाकलेले उंदीर वाढवले. तेही बहिरे निघाले.

नंतरच्या प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार तीच आहे. उंदराच्या पिल्लाला जन्मतः ऐकू येत नाही, साधारण बाराव्या दिवसानंतर त्याचे कान चालू होतात. त्याच्या आधीच्या आठवड्यात कॉक्लियामध्ये एक विकर (एन्झाइम) जोर धरतं. थायरॉईडच्या संप्रेरकाची दोन रूपं असतात; रक्तातून आलेल्या टी-फोरचं प्रत्यक्ष काम करणाऱ्या टी-थ्रीमध्ये रूपांतर करणं, हे त्याचं काम. हे विकर नसलेली पिल्लं बहिरी राहतात, असं २००४ मध्ये दिसलं. २००९ मध्ये त्याच्या उलट प्रयोग झाला. संप्रेरक निकामी करणारं दुसरं एक विकर असतं, ते काढून टाकलं. म्हणजे कॉक्लियाला संप्रेरक वेळेआधीच मिळू लागलं. ती पिल्लंही बहिरी झाली. शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. वाफसा येण्याआधी पेरलं तरी बी वाया जातं आणि वाफसा गेल्यावर पेरलं तरी वाया जातं.

वेळ चुकली की नेमकं काय बिघडतं? केसपेशींवर जे मऊ आच्छादन असतं, ते वेडंवाकडं बनतं. केसपेशींना प्रौढ करणारे विद्युतप्रवाह उशिरा सुरू होतात. इथवर झालं कानाचं. कानाच्या पलीकडे, मेंदूत, नसांवर चढणारं मायलिनचं वेष्टण उशिरा आणि कमी चढतं, म्हणून संदेश हळू धावतात. थायरॉईडची कमतरता असलेल्या, उपचार न झालेल्या तान्ह्या मुलांच्या बेरा चाचणीत, म्हणजे आवाजाचा संदेश नसेतून मेंदूच्या देठापर्यंत किती वेळात जातो ते मोजणाऱ्या चाचणीत, ही दिरंगाई आलेखावर दिसते. शिवाय बाहेरचा आवाज ऐकू येण्याच्या आधीपासून कॉक्लिया स्वतःहून थांबून थांबून संदेश सोडत असतो, आणि त्या संदेशांवर मेंदूतल्या श्रवणमार्गाच्या जोडण्या घोटल्या जातात. प्राण्यांवरच्या संशोधनाने हे गेल्या वीसेक वर्षांत छान उलगडलं आहे. बाळाला ऐकू येऊ लागण्याआधीच त्याचा मेंदू ऐकण्याची तयारी करत असतो.

माणसाच्या बाळात ही वेळ बरीचशी पोटातच येते. गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि गरोदरपणाच्या मध्यापर्यंत तिचं काम तोकडंच असतं. तोवर बाळ आईच्या संप्रेरकावर जगतं. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. जन्मानंतर नाळ तुटते आणि आईची रसद थांबते. बाळाची स्वतःची ग्रंथी नसेल, भलत्या जागी असेल किंवा नीट चालत नसेल, तर त्या दिवसापासून त्याची उपासमार सुरू होते, आणि तिची झळ कानाबरोबर बुद्धीलाही बसते.

ही उपासमार डोळ्यांना दिसत नाही, हीच मोठी अडचण. आईच्या संप्रेरकाची पुंजी अंगात असल्याने यातली बहुतेक बाळं जन्मतः अगदी ठणठणीत दिसतात. नंतर जी लक्षणं येतात, ती आपल्या घरांत कौतुकाची ठरतात. बाळ रडत नाही. रात्रभर झोपतं. दुधासाठी उठवावं लागतं. ‘किती गुणी बाळ आहे, आईला त्रास म्हणून नाही,’ असं शेजारपाजारच्या बायका म्हणतात. कावीळ उतरायला वेळ लागतो, तर सकाळच्या उन्हात धरा म्हणतात. बेंबी फुगते, शी तीन-चार दिवसांनी होते, आवाज जरा घोगरा येतो. यातलं एकेक लक्षण सुटं बघितलं तर कुठल्याही तान्ह्या बाळात असू शकतं. मग वर्ष उलटतं, बाळ हाकेला वळत नाही, आणि तरीही घरात कुणीतरी सांगतं की ह्याचे वडीलही उशिराच बोलले होते. यात आईचा, आजीचा, शेजारणीचा काही दोष नाही. उघड्या डोळ्यांनी हा आजार ओळखता येत नाही म्हणून तर चाचणी हवी. अनुभवी बालरोगतज्ज्ञालाही पहिल्या आठवड्यात तो नुसता बघून सापडत नाही.

चाचणी मात्र साधी आहे. बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की त्याची टाच कोमट फडक्याने शेकायची, टाचेच्या कडेला बारीक टोचायचं, आलेला रक्ताचा थेंब जाड गाळणकागदावर छापलेल्या गोलात मुरू द्यायचा. कागद आडवा ठेवून, उन्हापासून दूर, काही तास सुकवायचा आणि पाकिटात घालून प्रयोगशाळेत पाठवायचा. बर्फाची पेटी लागत नाही, साध्या टपालाने जातो. कागदावरच्या थेंबाची ही युक्ती रॉबर्ट गथ्री यांनी साठच्या दशकात दुसऱ्या एका आजारासाठी रुळवली. सत्तरच्या दशकात कॅनडातल्या क्वीबेक प्रांतात जॉं दुसो यांनी ती थायरॉईडसाठी वापरली. त्याला पन्नास वर्षं झाली. युरोप, अमेरिका, जपान इथे ही तपासणी आता नित्याची आहे.

आपल्याकडे कुणाला सुचलंच नाही, असंही नाही. मुंबईत डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने नवजात बालकांची तपासणी केली आणि १९९४ मध्ये निष्कर्ष मांडले: २६४० बाळांमागे एक. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच मोठ्या शहरांत एक लाखाहून जास्त बाळं तपासली. त्यात ११३० बाळांमागे एक असं प्रमाण निघालं. पाश्चात्त्य देशांत वर्षानुवर्षं तीन-चार हजारांमागे एक असा आकडा सांगितला जायचा. महाराष्ट्रात वर्षाला पंधरा लाखांहून जास्त बाळं जन्माला येतात. त्या हिशेबाने हजाराच्या वर बाळं दरवर्षी याच राज्यात हा आजार घेऊन घरी जातात. गोव्याने २००८ मध्येच सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू केली होती. केरळच्या सरकारी रुग्णालयांत थायरॉईडसह चार आजारांसाठी हा थेंब घेतला जातो. आपण अजून ऐच्छिकवर अडलो आहोत.

ऐच्छिक ठेवल्याने प्रत्यक्षात काय होतं, ते पुण्या-मुंबईच्या कुठल्याही खासगी प्रसूतिगृहात दिसतं. डिस्चार्जच्या कागदांबरोबर एक पत्रक येतं, ‘ही तपासणी करायची का?’, आणि ज्याला परवडतं, ज्याला कळतं, तो हो म्हणतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हा प्रश्नच विचारला जात नाही. आजार दोन्हीकडे सारखाच होतो, आणि संप्रेरक बाहेरून देऊन मतिमंदत्व टाळणारी गोळी दोन्हीकडे सारखीच स्वस्त असते. पहिल्या दोन आठवड्यांत ती सुरू झाली, तर मूल इतर मुलांच्या बरोबरीने शिकतं. काही महिने उशीर झाला, तर गेलेली बुद्धी कुठल्याही औषधाने भरून येत नाही. दिवसाला काही रुपयांची गोळी, चमच्यात आईच्या दुधाच्या चार थेंबांत चुरून द्यायची. सरकार कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायच्या श्रवणयंत्रासाठी, एका मुलामागे काही लाख रुपयांची मदत देतं, आणि ती दिलीच पाहिजे. मग कागदावरच्या थेंबासाठी पैसे नाहीत हे कारण टिकत नाही.

सिकलसेलचं उदाहरण इथे घेण्यासारखं आहे. तोही त्याच ऐच्छिक ओळीत होता. २०२३ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय अभियान सुरू झालं. नंदुरबार, गडचिरोली आणि सगळ्या विदर्भाला त्याची गरज होती. पण त्या जिल्ह्यांत नवजात बाळाच्या टाचेतून थेंब घ्यायचाच ठरलं, तर त्याच कागदावरच्या शेजारच्या गोलात थायरॉईडही होतं. एकदाच टोचायचं, एकच कागद पाठवायचा. दोन आजारांच्या दोन वेगळ्या फायली मंत्रालयाच्या दोन टेबलांवर फिरत असतील, तर त्या एकत्र आणणं हे काम बाळाच्या आईचं नाही.

आक्षेप आहेत, आणि काही खरे आहेत. जन्मानंतर पहिल्या दिवशी प्रत्येक बाळाचं टीएसएच (थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, चाचणीत तेच मोजतात) उसळतं. घाईने चोवीस तासांच्या आत थेंब घेतला, तर खोट्या धोक्याच्या घंटा फार वाजतात. आपल्याकडे बाळंतिणीला लवकर घरी सोडण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्याला उपाय म्हणून नाळेतलं रक्त घेता येतं. नाळ कापताना ते हातात असतंच. दुसरी गोष्ट बीटाडीनची. नाळेला, टाक्यांना सढळ हाताने आयोडीनचं औषध लावलं, की ते बाळाच्या अंगात मुरून त्याची ग्रंथी काही दिवस मंदावते आणि चाचणी बिघडते. प्रसूतिगृहाने बीटाडीनऐवजी क्लोरहेक्सिडिन वापरलं की हा गोंधळ बराच कमी होतो. काही बाळांची कमतरता तात्पुरतीच असते. तीन वर्षांच्या वयात गोळी महिनाभर बंद करून ते तपासता येतं, आणि तोवर दिलेल्या गोळीने, मात्रा बरोबर असेल तर, नुकसान होत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न बाळ परत सापडण्याचा आहे. इथे आपल्या रीतींचा विचार केल्याशिवाय कुठलीही योजना चालणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. आधारकार्डावर पत्ता सासरचा. फोन नंबर नवऱ्याचा, आणि तो ऊसतोडीला किंवा भिवंडीच्या कारखान्यावर. प्रयोगशाळेचा अहवाल आठव्या दिवशी येतो, तेव्हा बाळ कुठे आहे हे त्या कागदावरून कळत नाही. सासरच्या गावची आशा म्हणते, सून अजून आलेली नाही. माहेरच्या गावची आशा म्हणते, माझ्या यादीत हे नावच नाही. मला वाटतं, चाचणी बंधनकारक करणाऱ्या आदेशात सगळ्यात आधी हेच लिहावं: कागदावर बाळंतपणानंतर बाळ जिथे राहणार तो पत्ता, आजोळच्या कुणाचा तरी फोन, आणि त्या गावच्या आशाताईंचं नाव. आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जातातच. अहवाल त्यांच्या हाती सातव्या-आठव्या दिवशी पोहोचला, तर चौदाव्या दिवसाच्या आत गोळी सुरू होऊ शकते. यासाठी त्यांना वेगळा मोबदलाही द्यायला हवा, फुकटच्या कामांची त्यांची यादी आधीच लांब आहे.

‘बंधनकारक’ म्हटलं की काही लोक आईबापांच्या हक्काचा मुद्दा काढतात. बंधन रुग्णालयावर असावं. रुग्णालयाने थेंब घ्यायची व्यवस्था ठेवलीच पाहिजे आणि समजावून सांगितलंच पाहिजे. आईबापांना नको असेल तर त्यांनी तसं लिहून द्यावं. आज नकार रुग्णालय देतं, तेही न बोलता.

आता कानाबद्दल, कारण इथे खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. जन्मानंतरच्या गोळीने बुद्धी वाचते, पण श्रवणाचा काही भाग पोटातच घडून गेलेला असतो. फ्रान्समध्ये बाराशेच्या आसपास तरुणांचा अभ्यास झाला. त्यांना जन्मजात थायरॉईडची कमतरता होती आणि नवजात तपासणीत ती पकडली गेली होती. ऐकण्याची अडचण त्यांच्यापैकी सुमारे साडेनऊ टक्के जणांना होती, बाकीच्या लोकसंख्येत ती अडीच टक्के. याचा अर्थ तपासणी व्यर्थ, असा नाही. ज्या बाळाचा थेंब सकारात्मक येतो, त्याचा कान पुन्हा पुन्हा तपासला पाहिजे, असा आहे. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२०-२१ च्या मार्गदर्शिकेतही हेच सांगितलं आहे. जन्मानंतर प्रसूतिगृहात कानाची जी ओएई चाचणी होते, ती कॉक्लियातल्या बाहेरच्या केसपेशींची चौकशी करते. पुढच्या नसेची आणि मेंदूच्या देठाची नाही. म्हणून या मुलांना बेरा चाचणी हवी, आणि वाढीच्या वर्षांत ठरावीक अंतराने श्रवण तपासणी. ‘ओएई पास’ असा शिक्का मारून त्यांना घरी पाठवून चालणार नाही.

पोटातल्या काळाची जबाबदारी मिठावर येते. ब्रिटिश डॉक्टर मॅकॅरिसन यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेली, चित्रळ आणि गिलगिटच्या (आता पाकिस्तानच्या ताब्यातल्या) खोऱ्यांतली गलगंडाच्या गावांतली बहिरी-मुकी मुलं आयोडीनच्या उपाशी आयांच्या पोटी जन्मली होती. कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी यांच्या पथकाने आयोडीनयुक्त मीठ वाटून गलगंड कमी करून दाखवला, आणि त्यावर देशाचा कार्यक्रम १९६२ मध्ये उभा राहिला. एवढं सगळं होऊन आज शहरातली सुशिक्षित घरं ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या स्वयंपाकात सैंधव वापरू लागली आहेत, आणि त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. उपासाला खा, हरकत नाही. पण घरात गरोदर बाई असेल, किंवा होणार असेल, तर रोजच्या भाजीत आयोडीनचंच मीठ हवं. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत टीएसएच बघणंही सरकारी दवाखान्यात सर्रास व्हायला हवं.

महाराष्ट्रात जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. बाळ आपल्या हातात असतं, नर्स असते, बीसीजी आणि पोलिओचा डोस देण्याची घडी बसलेली असते. मग उरतं ते एवढंच: राज्याने शासन निर्णय काढायचा, प्रत्येक महसूल विभागाला एक प्रयोगशाळा नेमायची, माता-बाल संरक्षण कार्डावर टीएसएचचा एक रकाना वाढवायचा. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची जी पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत जातात, त्यांच्या यादीत थायरॉईडची गोळी चालू असलेल्या मुलांच्या नावापुढे खूण हवी, म्हणजे दर फेरीत त्यांचा कान आणि त्यांचं बोलणं कुणीतरी थांबून तपासेल.